तृप्तीचा पास्ता आन माझे सरगुंडे

तृप्ती माझी धाकटी जाऊ. बदनापुरात जो भेटंल तो म्हणतो, "मीनाताई, जाऊ लई गुणाची मिळाली बघा तुम्हाला." मिळाली ना! त्या गुणांपायीच माझा जीव जळून राह्यला.

माहेर तिचं तीर्थपुरी. बाप शिलाई मशीनवर बसणारा, आई लहानपणीच गेल्ती. चुलतीच्या हाताखाली भाकऱ्या थापायला शिकली, मंग जालन्याला मावशीकडं राहून केकचा क्लास केला. लोकांच्या रुखवतात शोभेच्या बाहुल्या असतात, हिच्या रुखवतात ओव्हन! मांडवातल्या बाया नवरी बघायची सोडून त्यालाच हात लावलावून बघत होत्या. आता गावातल्या निम्म्या पोरांच्या वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक आमच्याच घरून जातो. वरून बाई स्वतःच्या वाटणीचं काम बराबर करती, कधी उलटून बोलत न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं.

पर खरी आग लावली ती त्या पास्त्यानं. एका रविवारी हिनं शिमला मिरची, गाजर, फुलकोबी, मक्याचे दाणे चिरून-सोलून परतले. लोण्यावर मैदा भाजला, त्यात दूध ओतून दाटसर केलं. उकडलेला पास्ता, भाज्या, टमाट्याचा रस, सगळं एका भांड्यात थरावर थर लावलं, वरून चीज किसलं आन ठेवलं ओव्हनमधी. वास असा सुटला की शेजारच्या अंबरीनभाभी भिंतीवरून विचारून राह्यल्या, "क्या पक रहा है, मीना?" मला कशाला विचारता? विचारा तिला!

आमचे मामंजी, भुजंगराव, माळकरी माणूस. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, हॉटेलचा तर चहासुद्धा पीत न्हाईत. मी मनात म्हणले, आता बघा कशी फजिती व्हती. तर हिनं कांदा-लसूण घातलाच न्हवता! मामंजींनी एकदा घेतला, दुसऱ्यांदा ताट पुढं केलं आन म्हणाले, "पोरी, झकास झालंय." आवो, मी या घरात आल्यापासून वरण करून राह्यले, त्याला कधी "बरंय" च्या पुढं गेले न्हाईत. पिकतं तिथं विकत न्हाई म्हणतात, ते काय खोटं न्हाई.

"ह्यात काय येवढं?" मी म्हणले. "सरगुंडेच तर हायेत. उन्हाळ्यात आम्ही काडीवर वळून वाळवतो, गुळवण्यासंगं खातो. पोकळच्या पोकळ, अगदी असेच."

"खरंच की ताई!" तृप्तीचे डोळे चमकले. "मला शिकवा ना."

शिकवते तर! म्हंजे तेबी हिच्याच नावावर जायचं.

हे सगळं मी गिळलं असतं. पर माझी प्रीती! तिला नांदेडला कॉलेजात नंबर लागला. पहिल्यांदाच घर सोडून निघाली पोरगी. आमच्याकडं कुणी लांब गावाला निघालं की आदल्या संध्याकाळी वरण-बट्टी ठरलेली, आन बट्टी माझ्याच हातची. कणीक भिजवायला परात घेतली आन सहज विचारलं, "काय खाशील गं आज?"

"काकूचा पास्ता!" चटकन म्हणली. विचारसुद्धा केला न्हाई.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वागवायचं मी आन जाताना तोंडात चव काकूची? परात ठेवून दिली जागेवर. तृप्ती केक पोचवायला जालन्याला गेल्ती. म्हणले, हीच येळ हाय.

फळीवरचा सरगुंड्यांचा डबा काढला. चार-पाच रविवार तिच्या पाठीमागं उभी राहून काय नुस्ती टवाळी करत होते? सगळं बघून ठेवल्तं. सरगुंडे बोटचेपे उकडले, भाज्या परतल्या, भाजलेल्या मैद्यात दूध गुठळी न होता दाटवलं. ओव्हनचं बटणबी तिच्यासारखंच फिरवलं. वर सोनेरी खरपूस पापुद्रा धरला तवा माझं मलाच खरं वाटंना.

सगळे ताटावर बसले. तृप्तीबी आल्ती तवर. पहिलाच घास घेऊन मामंजी म्हणाले, "तृप्ती, आज तर कमाल केलीस."

सासूबाईंनी मान डोलावली. माझा नवरा, भारत, तोबी म्हणतो, "वैनीचा हात लागला की झालं!" तिला वैनी म्हणतो तो, चेष्टेत. मला तर वाटलं, भांडंच उचलावं आन अंगणात ओतावं.

"मी न्हाई केलं," तृप्ती म्हणली. "मी आत्ता आले. ताईंनी केलंय. आन माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मंग एकदम माझं कौतुक सुरू झालं. मामंजींनी ताट पुढं केलं. आहाहा! येवढ्या दिवसांची जळजळ थंड झाली. मी ताठ मानेनं प्रीतीकडं बघितलं.

प्रीती जागेवर न्हवती. वाढायचा डाव हातात घेऊनच मी आत गेले, तर ती ओट्यापाशी उभी राहून एकेक झाकण उघडून बघून राह्यल्ती.

"मम्मी, बट्टी कुठंय?"

"बट्टी? तूच तर पास्ता म्हणलीस!"

"तू विचारलंस म्हणून वरचं, जास्तीचं सांगितलं." पोरीचा आवाज चिरकला. "बट्टी काय सांगावी लागती व्हय? ती तर असतीच ना! आता नांदेडला मला कोण करून देणार?"

माझ्या हातातला डाव तसाच राह्यला. बाहेर सगळे माझंच गुणगान करत होते, आन ते मला बिलकुल ऐकू येईना. मी परात ओढली, पीठ घेतलं.

"ताई, मी मळू का? जल्दी व्हईल." तृप्ती पाठीमागं येऊन उभी होती, बाह्या वर सारून.

"खबरदार कणकेला हात लावशील तर! ही बट्टी मी एकटी करणार."

ती हलली न्हाई. तिनं गॅस पेटवला आन बट्ट्या उकडायला पाणी चढवलं. तेवढं मी तिला करू दिलं.