चाळिसातला बारावा

…तर गालाला रुमाल बांधून टेलरमास्तर दाताच्या दवाखान्यात शिरले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि दात ठणकायचाच थांबला! डॉक्टरांनी नवी फ्रेम टांगली होती. दोरीवर वाळणारे पाच शर्ट, त्यातला एक उलटा. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात १२/४०.

आता तुम्ही म्हणाल, त्यात दात थांबण्यासारखं काय? अहो, हेच शर्ट, हाच आकडा मास्तरांच्या घरात होता! बावीस वर्षं हा माणूस प्रिंट जमवत होता. उजेडानं कागद पिवळा पडतो म्हणून कापड बेतायच्या टेबलाखाली त्यांनी खास सपाट कप्पा करून घेतलेला. "लोकांची चित्रं भिंतीवर असतात, आमची निजलेली," असं त्यांची बायको आल्यागेल्याला ऐकवायची.

शर्टांचं चित्र गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या ठसेवाल्या अप्पांचं. अप्पा तांब्याच्या प्लेटवर कोरायचे, मोजून चाळीस छाप काढायचे, प्रत्येकावर आकडा नि सही घालायचे, आणि मग प्लेटवर आडवी रेघ ओढून टाकायचे. एक्केचाळिसावा निघायलाच नको! मास्तरांना त्या रेघेचं भारी अप्रूप. शर्टांमधला बारावा त्यांनी मुद्दाम मागून घेतला होता, कारण त्यांचं पहिलं दुकान बारा नंबरच्या गाळ्यात होतं.

दात निघाला, पण ठणका छातीत जाऊन बसला. अप्पांनी फसवलं? इतक्या वर्षांच्या ओळखीत? तीन दिवस मास्तरांचं हातातल्या कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच लावून बसले.

"जाऊन विचारा ना एकदाचं," बायको वैतागली.

"काय विचारू? चोरी केलीत का म्हणून?"

"डॉक्टरांनी दात काढलाय, जीभ नाही."

चौथ्या दिवशी मास्तर आपला बारावा दोन पुठ्ठ्यांत घालून, पुरावा म्हणून काखेत मारून, अप्पांचा जिना चढले. तोंडात शब्द अगदी घासूनपुसून तयार.

अप्पा टेबलाशी बसले होते. पुढ्यात शर्टांचे ताजे छाप, शाईचा वास अजून ओला.

"या मास्तर! चहा घेणार?" अप्पांनी एका छापावर १२/४० लिहिलं, सही केली. "तुमचाच बाजूला काढतोय. बारावाच हवा म्हणाला होतात ना?"

"अप्पा, तो तर मी केव्हाच…"

अप्पांनी दुसरा कागद ओढला. त्यावरही १२/४०. मान वर केली, चेहरा तसाच हसरा. "या मास्तर! चहा घेणार?"



अप्पांच्या मुलीनं मास्तरांना जिन्यापाशी बोलावून घेतलं. "काका, तुम्हाला कळलंच आता. सहा महिने चाललंय हे. काढतील तेवढे बारावे मी कपाटात कोंडते. मी चार दिवस मावशीकडे गेले होते, तेवढ्यात डॉक्टर येऊन एक घेऊन गेले."

"आणि रेघ?"

"या प्लेटवर ओढलीच नव्हती बाबांनी. आईनं शेवटचे वाळत घातलेले शर्ट ते, हात धजत नव्हता. आज मीच ओढते." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण डॉक्टरांकडचा परत मागायचा म्हणजे कारण सांगावं लागणार. चार लोकांत गेलं की सगळे बाबांना लबाड म्हणतील. एका आकड्याचे दोन कागद बाहेर आहेत, काका. मी करू तरी काय?"

आतून पुन्हा हाक आली, "मास्तर आले का गं?" मग मास्तरांनी काखेतले पुठ्ठे उघडले, आपला बारावा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "डॉक्टरांचा राहू दे तसाच. माझ्या छापावरचा आकडा पुसून टाक पोरी, सहीसकट. फक्त अप्पांसमोर नको, ते लगेच नवा लिहून देतील."