कोळशाच्या मोटारीत सांडलेल्या अळ्या

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या मोटारी कोळशावर धावू लागल्या. मोटारीच्या मागे लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी हाकायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी आणि माझी सोबतीण याच मोटारीने नदीवर मासे धरायला जायचो.

सोबतीण माझ्याच शाळेत शिकवायची. आम्ही दोघी नगरला मिशनच्या ट्रेनिंग शाळेत एकत्र शिकलो आणि नोकरीही एकाच गावात लागली. शाळेमागच्या एका खोलीत राहायचो. पहिल्यांदाच आम्हाला कुणी विचारणारं नव्हतं. ती प्रवरेकाठी वाढलेली, भावांबरोबर गळ टाकून टाकून तरबेज झालेली. तिने मलाही त्याचा नाद लावला.

उन्हाळ्यात जमीन तापली आणि गळाला लावायला गांडुळं मिळेनात. तेव्हा ती म्हणाली, “अळ्या पाळू.”

“कसल्या अळ्या?”

“मटणावर पडतात त्या.”

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. पण शनिवार जवळ आला तशी मीच खाटकाकडून आतडी आणली. त्याने मांजरासाठी का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

तुपाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला तिने खिळ्याने भोकं पाडली, आत आतडी टाकली आणि डबा न्हाणीमागच्या करंजाच्या झाडाला टांगला. खाली परात ठेवून तिच्यात गव्हाचा कोंडा पसरला. माश्यांनी आपलं काम केलं. अळ्या आत खाऊन पोसल्या आणि मग भोकांतून आपणहून टपटप कोंड्यात पडू लागल्या. कोंड्यात लोळून त्या इतक्या स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र झाल्या की मी एक तळहातावर घेतली. अशी गुदगुली झाली की मी तिथेच हसत सुटले. वास मात्र भयंकर होता. उंदीर मेला असणार म्हणून हेडमास्तरांनी शाळेची निम्मी कौलं उतरवून घेतली. आम्ही दोघी खाली उभ्या राहून गंभीरपणे नाकाला पदर लावून पाहत होतो.

पुढच्या शनिवारी अळ्या कोंड्यासकट पितळी डब्यात भरल्या आणि राजूरची मोटार धरली. जागा मिळाली ती अगदी मागे, भट्टीला लागून. गार जागेत अळ्या मुकाट पडून राहतात, ऊब लागली की त्यांच्या अंगात येतं. हे तिला ठाऊक होतं, पण गप्पांच्या नादात विसरली. डबा तापला. एका खड्ड्यात मोटार उसळली, झाकण उडालं आणि सगळ्या अळ्या बाकांखाली सांडल्या.

पुढच्या बाकावरच्या शेठजींनी धोतर झटकलं, मग वाकून खाली पाहिलं आणि चालती मोटार थांबवायला लावली. सगळे भराभर उतरले. बसून राहिली ती फक्त एक म्हातारी. तिच्या पाटीतली कोंबडी मान बाहेर काढून अळ्या टिपत होती.

“आजी, उतरा की,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ दे गं बाई. हिला लई दिसांनी असं गावलंय.”

ड्रायव्हर मागे आला. आता हा आम्हाला इथेच सोडून जाणार, असं मला वाटलं. त्याने एक अळी चिमटीत धरून उन्हात पाहिली.

“बाई, ह्या कशाला आनल्या?”

“मासे धरायला,” सोबतीण म्हणाली.

“ह्याच्यावर मासा लागतो व्हय?”

नदी रस्त्याला लागूनच होती. भट्टीही विझत आली होती, ती पुन्हा पेटायला वेळ लागणार होता. सोबतिणीने गळाची काठी उचलली, उरलेल्या अळ्या डब्यात घेतल्या आणि ती काठाकडे चालू लागली. तिच्यामागे मी, माझ्यामागे ड्रायव्हर आणि त्याच्यामागे सगळी मोटार.

तिने गळ टाकला न टाकला तोच दोरा ताणला गेला. पाण्यातून वीतभर चांदी उसळून वर आली. मग जो तो काठी मागू लागला. ड्रायव्हरने एक मासा काढला आणि दुसऱ्यासाठी हटून बसला. क्लीनर वरून ओरडत होता, “भट्टी पेटलीय, चला.” ड्रायव्हर म्हणाला, “पेटू दे.” शेठजी मांसमच्छीला शिवत नसत. ते लांब दगडावर बसले होते, पण दोरा हलला की “ओढा, ओढा” म्हणून पहिल्यांदा तेच सांगायचे.

शेवटी मोटार गेली. आम्ही दोघी तिथेच राहिलो, पाण्यात पाय सोडून बसलो, भाकरी खाल्ली आणि आठवून आठवून हसलो. सांजेला तीच मोटार परत आली तेव्हा आमच्याजवळ पदरभर मासे होते. आता उतारू नवे होते आणि ड्रायव्हर त्यांना दुपारची हकिगत सांगत होता.

“एकेक अळी अशी बोटाएवढी. न्हाई पटत? ह्या मास्तरीणबाईंना इचारा.”

सगळे आमच्याकडे वळले. मी खिडकीबाहेर पाहत ओठ दाबून बसले. सोबतिणीने चेहरा वर्गात असतो तसा केला आणि म्हणाली, “काही काही तर त्याहून मोठ्या होत्या.”