तीस किलो म्हंजे तीस किलो

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला रसायनशास्त्रात पंचविसापैकी तीन मार्क पडले. त्यातला एक सरांनी अक्षर बघून दिला असावा, कारण बरोबर उत्तरं मला तरी दोनच सापडली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, रागावलेसुद्धा नाहीत. तेच वाईट. भाकरी मोडत म्हणाले, "सहामाहीला पास झालीस तर सायन्स. न्हाय तर आर्ट्सला नाव घालायचं. रोज यष्टीनं तुळजापूरला जाऊन नापास व्हायचं कशाला? ते तर घरी बसून बी होतंय." मला बीएस्सी ॲग्रीला जायचं होतं. सायन्स सुटलं की ते संपलं. रागारागात मी त्या दिवशी जेवलेच नाही. नुसती शेंगदाण्याची चटणी खाल्ली, ती पण उभ्यानं.

माझं घोडं अडलं होतं ते मोलपाशी. सर सांगायचे, रेणू इतके बारीक की एकेक मोजत बसलं तर जन्म जाईल. म्हणून वजन करायचं आणि वजनावरून संख्या काढायची. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेला आकडा, सहाच्या पुढं तेवीस शून्यं आणि वर थोडं. पाण्याचा एक मोल भरतो अठरा ग्रॅम, ग्लुकोजचा एकशे ऐंशी. इथवर मी मान हलवायचे. मग पेपरात आलं, अठरा ग्रॅम पाणी आणि अठरा ग्रॅम ग्लुकोज, रेणू कशात जास्त? मी ठोकून दिलं, दोन्हीत सारखेच, कारण वजन सारखंच. सरांनी शून्य दिलं. मी वर भांडायला गेले, "सर, अठरा म्हंजे अठराच ना?" सरांनी नुसतं छताकडं बघितलं.

सहामाही आली तेव्हा रानात हरभऱ्याच्या पेरणीची घाई होती. त्या वर्षी आप्पांनी नेहमीचा बारीक हरभरा सोडून टपोरा काबुली पेरायचं मनावर घेतलं होतं. बियाणं पेरायच्या आधी आई ते नेहमी उगवून बघायची. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि चार दिवसांनी किती उगवले ते बघायचं. काबुलीचे शंभरातले ब्याण्णव उगवले. बियाणं झकास होतं.

ट्रॅक्टरवाल्याला सांगावा गेला. आप्पा म्हणाले, "एकरी तीस किलो काढून ठेव. दरसालाप्रमाणं."

आईनं एका हातात बारीक हरभरा घेतला, दुसऱ्या हातात काबुली. "अवो, ह्यो दाणा दुप्पट हाय. तीस किलोत झाडं किती व्हतील? पन्नास-साठ तरी लागंल."

"दुप्पट कशाला? तीस किलो म्हंजे तीस किलो!"

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. उडालेच! अहो, हे तर माझंच उत्तर. शब्दाला शब्द. शून्य मार्कांचं.

दोन्हीचे शंभर-शंभर दाणे मोजून मी किराणा दुकानात पळाले. तिथं डिजिटल काटा होता. दुकानदार म्हणाला, "काय, हरभरा विकायलीस का?" मी म्हटलं, "गप बसा हो, मोजू द्या." बारीक शंभर भरले वीस ग्रॅम, काबुली शंभर भरले चाळीस. म्हणजे तीस किलो बारीक हरभऱ्यात दीड लाख दाणे आणि तीस किलो काबुलीत पाऊण लाख. दुकानाच्या पायरीवर बसूनच मी पाणी आणि ग्लुकोजचं गणित परत केलं. चक्क सुटलं, रेणू पाण्यातच दहापट! जून महिन्यापासून जे डोक्यात शिरत नव्हतं ते आईनं दोन मुठींत धरून दाखवलं होतं, आणि ती चौथी शिकलेली. मला इतकं भरून आलं की दुकानदारानं पाणी विचारलं.

घरी येऊन आप्पांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "तीन मार्कवाली मला पेराय शिकवायली." ते मला लई लागलं. पेरणी तीस किलोनंच झाली.

दिवाळीच्या आत हरभरा वर आला. वर आला म्हणजे काय, दोन झाडांच्या मधे शेळी आडवी बसावी इतका विरळ. आप्पा बांधावर उभं राहून म्हणाले, "बियाणंच खराब निघालं." आई म्हणाली, "ब्याण्णव." पुढं दोन दिवस आप्पांनी चहासुद्धा खुणेनंच मागितला.

दिवाळीनंतर निकाल लागला. मला पन्नासपैकी सोळा. पासाला अठरा लागत होते. मोलच्या नादात बाकीचे धडे मी उघडलेच नव्हते. बोलल्याप्रमाणं आप्पा नाव बदलायला कॉलेजात आले आणि अर्ज घेऊन सरांच्या पुढं बसले. मी दाराशी उभी होते, रडू दाबत.

सर म्हणाले, "मोलची गणितं सगळी बरोबर आहेत हिची. वर्गात कुणाचीच एवढी नाहीत. बाकी पेपर मात्र बोंब."

"मोल म्हंजे काय वो, सर?"

सरांनी फळ्यावर पाणी आणि ग्लुकोज मांडलं. वजन सारखं असलं तरी रेणू सारखे नसतात, एकेका रेणूचं वजन किती ते आधी बघावं लागतं. आप्पांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली.

"राहू द्या हिला हितंच," ते म्हणाले. "बाकीचं शिकंल ती. मला तर एवढं बी येत नव्हतं, तरी तीन एकर पेरून बसलो."

मोटारसायकलवर घरी येताना ते मागं न बघता म्हणाले, "आईला सांगू नको, म्या काय बोललो ते."

मी चपला काढायच्या आधी सांगितलं. शब्दाला शब्द, आवाज काढून. आई चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"सोळा मार्क घेऊन आलीस अन् दात काढतीस व्हय? जा, पुस्तक घे."