फक्कीची रेघ

या सदरात लिहायला मी तसा नालायकच. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पैंजणांचा आवाज नाही. सकाळी अकराच्या स्वच्छ उन्हात, चाळीस पोरं आणि निम्मं गाव बघत असताना घडलेली गोष्ट आहे. शिवाय मी बी.ए., भूगोल घेऊन. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठे. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली. हायस्कुलात भूगोल शिकवताना पोरांना सांगायचो, "कारण सापडत नसेल तर अजून शोधा, कारण असतंच." या एका गोष्टीचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही. शोधून थकलो. म्हणून लिहितो.

गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला. त्या भागातल्यांना नाव लिहिल्यावाचून ओळखू येईल. नदी गावाला कोपरासारखा वळसा घालून पूर्वेला घोडेगावकडे जायची. काठाला बाजारपेठ. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं हिरड्याची ओझी घेऊन उतरायची आणि मीठ-मिरची, कापड घेऊन चढायची. गावाच्या उत्तरेला एक बोडकं टेकाड होतं. त्यावर काहीच नव्हतं. गुरंसुद्धा तिकडे जायला कंटाळायची.

काळ म्हणाल तर १९५५च्या आसपासचा. मी चौथीत. शाळा मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेत भरायची. एक गुरुजी, चार वर्ग. पाचवीला जायचं तर घोडेगाव. म्हणजे कोसच्या कोस पायी, मधे ओढे, आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. तिथं राहायची सोय करण्याइतकी आमची ऐपत नव्हती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलं होतं.

"पाचवी हितं आली तर शीक. न्हाई आली तर पावसाळ्यापासनं म्हशी तुझ्या."

आणि पाचवी येणार की नाही, हे एका माणसाच्या हातात होतं. माघात शाळा तपासायला डिपुटी साहेब येणार होते. शाळा त्यांच्या मनाला आली तर ते बोर्डाकडे पाचवीचा वर्ग मागणार. नाही आली तर झालं.

आमचे गुरुजी मूळ जुन्नरचे. काटक, बुटके, कायम घाईत. त्यांचं एक म्हणणं होतं — पोराला आधी त्याचं गाव यायला पाहिजे, मग जिल्हा, मग जग. इतिहाससुद्धा तसाच शिकवायचे. बाजार कधीपासून भरतो, धर्मशाळा कुणी बांधली, हे आम्ही म्हाताऱ्यांना विचारून यायचं आणि वर्गात सांगायचं. साहेबांना दाखवायला म्हणून त्यांनी शाळेपुढच्या अंगणात अख्ख्या गावाचा मातीचा नकाशा करायला घेतला. बारा हात लांब, आठ हात रुंद. प्रमाण — एक बोट म्हणजे दहा पावलं. पंधरा दिवस आम्ही गावभर पावलं मोजत हिंडत होतो. बाया हसायच्या, "काय रं, काय हरवलं का?"

ज्यानं त्यानं आपापलं घर मोजायचं आणि मातीचं करून जागेवर ठेवायचं. आमचं शेत काठाला, म्हणून नदी माझ्याकडे. वळणासकट चर खणायचा, चिकणमाती आणि शेणानं लिंपायचा आणि साहेबांपुढे घागरीनं पाणी सोडून नदी वाहती करून दाखवायची, हे माझं काम.

हसन माझा जिवलग. त्याचे वडील आतार, बाजारात बांगड्या-सुया विकायचे. त्यांचं घर पेठेत, नदीपासून चार ढांगांवर. पण या पठ्ठ्यानं आपलं मातीचं घर नेऊन ठेवलं कुठं, तर त्या बोडक्या टेकाडावर!

गुरुजी म्हणाले, "हसन, अरे तुझं घर पेठेत ना?"

"व्हय गुर्जी. पर तिथं लई दाटी झाली. आमचं घर टेकाडावर व्हायचंय."

"नकाशात आहे ते दाखवायचं असतं, व्हायचंय ते नाही."

सगळा वर्ग हसला. पण पेठेत खरोखरच बोट शिरायला जागा उरली नव्हती. "राहू दे सध्या, नंतर बघू," असं म्हणून गुरुजी पुढे गेले आणि ते घर तिथंच राहिलं.

साहेब यायच्या आधी चार दिवस मी रोज पाणी सोडून बघत होतो. रोज एक घागर. पाणी वळण घेऊन जायचं आणि खालच्या टोकाला ठेवलेल्या मोरीतून अंगणाबाहेर पडायचं. काही जमिनीत मुरायचं. एक दिवस चुकलं नाही.

साहेब आले. उंच, काळा कोट, डोक्याला टोपी. घोडेगावपर्यंत मोटर आणि पुढे बैलगाडीनं आल्यामुळे वैतागलेले. वाचन झालं, पाढे झाले. साहेब नुसते "हं" म्हणत होते. गुरुजींच्या कपाळावर घाम. मग सगळे अंगणात आले. पारावर गावातली माणसं बसलेली, त्यांत दादाही.

"किसन, नदी सोड," गुरुजी म्हणाले.

मी घागर तिरकी केली. पाणी वळण घेऊन नीट पुढे गेलं... आणि थांबलं.

थांबलं म्हणजे अडलं नाही. मोरी उघडी होती. गुरुजींनी स्वतः हात घालून बघितली, आरपार. पण पाणी मोरीच्या अलीकडेच उभं राहिलं आणि माघारी फुगायला लागलं. चर भरला. माझं शेत गेलं. पेठ गेली. मारुतीचं देऊळ, धर्मशाळा, ज्या अंगणात आम्ही उभे होतो ते अंगण... सगळं हळूहळू, काही गडबड न करता पाण्याखाली गेलं. माझ्या हातातली घागर कधीच रिकामी झाली होती. मी तिच्यात वाकून बघितलं. पाणी चढतच होतं.

पारावरून कुणीतरी ओरडलं, "गुर्जी, गाव बुडवलं की राव तुमी!"

हशा झाला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र म्हशी उभ्या राहिल्या. एक-एक, ओळीनं.

टेकाडाच्या पायथ्याशी येऊन पाणी थांबलं. अगदी शांत, आरशासारखं. तळाशी सगळी घरं दिसत होती आणि ती विरघळत नव्हती. नुसती कच्ची माती हो! एरवी दोन थेंब पडले तरी भिंत खचायची.

साहेब गुडघ्यावर बसले. "कोरडं राहिलेलं हे घर कुणाचं?"

"माझं, साहेब," हसन म्हणाला.

"खरंच तिथं आहे?"

"न्हाई साहेब. व्हायचंय."

पुन्हा हशा. साहेबांच्या ओठांच्या कडा पहिल्यांदाच हलल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे नदीवाल्या, तुझ्या नदीनं शाळा बुडवली. आता पाचवी कुठं भरवायची?"

ही चेष्टा होती हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, परीक्षा चाललीय.

मी म्हणालो, "हसनच्या घरी."

पार खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. "का?"

"साहेब, पाण्याची कड ही एकाच उंचीची रेघ असती. तिच्या खालचं सगळं ठेंगणं, वरचं सगळं उंच. टेकाड रेघंच्या वर हाय. तिथं शाळा बांधली तर कवाच बुडायची न्हाई."

साहेब उठून उभे राहिले. मग गुरुजींना म्हणाले, "तुम्ही चौथीला समोच्च रेषा शिकवता?"

  गुरुजींनी ते शिकवलंच नव्हतं. त्यांनी मला संध्याकाळी बाजूला घेऊन विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मला सांगता आलं नाही. तो शब्दही मी नंतर हायस्कुलात गेल्यावर शिकलो. ते वाक्य माझ्या तोंडातून आलं एवढं खरं.

जायच्या आधी साहेबांनी सांगितलं, "ही कड आखून ठेवा, मुलांना उंची शिकवायला बरी." खो-खोचं मैदान आखायला आणलेली फक्की होती. हसननं आणि मी पाण्याच्या कडेकडेनं पांढरी रेघ ओढली. गुरुजींनी ड्रॉइंग पेपरवर तिची नक्कल उतरवून घेतली. रेघेपासून हसनच्या घरापर्यंत अंतर भरलं तीन बोटं.

दुपारी जेवून आलो तर पाणी नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, ओलसुद्धा नव्हती. घरं जशीच्या तशी, कोरडी ठणठणीत. मी पळत जाऊन आणखी एक घागर आणली आणि ओतली. पाणी वळण घेऊन मुकाट्यानं मोरीतून बाहेर गेलं. फक्कीची रेघ तेवढी राहिली होती.

पाचवी मंजूर झाली. बोर्ड मास्तर देणार, खोली गावानं श्रमदानानं बांधायची. साहेबांनी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की जागा नदीवाल्या मुलाला विचारून ठरवावी. आता ती गंमत होती की काय, देव जाणे. चावडीत भांडण जुंपलं. नदीकाठची सपाट जागा फुकट मिळत होती. टेकाडावर दगड कोण चढवणार? पोरं रोज वर चढून दमणार. गुरुजी एकटे पडले. आणि तेव्हा, ज्यांनी जन्मात शाळेची पायरी बघितली नव्हती ते माझे दादा उठले.

"माझा पोरगा साह्यबाम्होरं म्हनला, टेकाडावर. मग टेकाडावर. पयला दगूड मी न्हेतो."

आणि नेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच, नकाशात हसनचं घर होतं नेमक्या त्या जागी. लोक म्हणाले, "पोरानं डोकं फिरवलं म्हाताऱ्याचं." दादा चाळिशीचेही नव्हते. महिनाभर ते दगड वाहत होते. म्हशींचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे सहावी-सातवीचे वर्गही आले आणि मी सातवी तिथंच झालो. पुढे हायस्कूल, मग पुण्याला कॉलेज, नोकरी करत बी.ए. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन जुन्नरला गुरुजींकडे गेलो. ते रिटायर झाले होते. पाया पडलो आणि विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी ते काय होतं?"

ते आत गेले आणि तो ड्रॉइंग पेपर घेऊन आले. घडी करून पेटीत ठेवलेला. "मला माहीत नाही, किसन. मी पुष्कळदा विचार केला. पण त्या पाण्यानं तुझी पाचवी आणली, तेव्हा मी त्याच्याशी वाद घालत नाही. हे तू ठेव." त्यानंतर दोन वर्षांनी गुरुजी गेले. पुढचं त्यांनी बघितलं नाही.

पुढचं म्हणजे धरण. गुरुजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी खालच्या अंगाला घोड नदीवर धरण झालं आणि आमचं गाव त्याच्या पाण्यात गेलं. बाजारपेठ, मारुती, धर्मशाळा, आमचं शेत. याचा आनंद कुणाला होईल? माझी आई शेवटच्या दिवशी चुलीची माती पदरात बांधून घेऊन निघाली. ते दुःख आहेच, त्याला मी रंग देत नाही. पण टेकाडावरची शाळा राहिली. माणसं सामान घेऊन वर आली ती पहिल्यांदा शाळेच्या खोल्यांत राहिली, मग शाळेच्या आजूबाजूला घरं झाली. पहिलं घर कुणाचं ते सांगायला नकोच. हसननं पाया खणताना मला पोस्टकार्ड टाकलं होतं — "ये. नकाशा दुरुस्त करायला घेतलाय."

धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं त्या भाद्रपदात मी गेलो. सोबत गुरुजींचा कागद. शाळेच्या पायरीवर बसून मी आणि हसननं तो उघडला. समोर पाण्याची कड. डावीकडे आत शिरलेली, मधे जिभेसारखी बाहेर आलेली, ओढ्यापाशी पुन्हा आत... कागदावरची पेन्सिलची रेघ आणि समोरची रेघ. मी कितीदा वर-खाली बघितलं ते सांगता येणार नाही.

भूगोलाचा माणूस म्हणून सांगतो — पोरांनी पावलं टाकून केलेला मातीचा नकाशा इतका बरोबर असूच शकत नाही. उंच-सखल आम्ही नुसतं डोळ्यांनी ठरवलं होतं. आणि असला बरोबर तरी एका घागरीत ते पाणी आलं कुठून? मोरीतून गेलं का नाही? मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, फक्त "योगायोग" लिहू नका. तो शब्द मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितला आहे.

मला एवढंच कळतं की त्या पाण्यामुळे मी शिकलो. माझ्यामागून धाकटा भाऊ शिकला, आणि त्या शाळेतून आजही पोरं बाहेर पडताहेत. कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नाही, म्हणून दरवर्षी धरण भरलं की जातो आणि पायरीवर बसून येतो.

त्या पहिल्या भाद्रपदात मी एक गोष्ट केली. तीन बोटं म्हणजे तीस पावलं. पायरीपासून पाण्याकडे मोजत निघालो. एक, दोन, तीन... हसन मागे उभा. तीस झाल्यावर थांबलो आणि ओरडलो, "हसन, तीस भरली रे! बरोब्बर तीस!"

"एकुणतीस, किसन्या," तो मागून म्हणाला. "खाली बघ की. शेवटलं पाऊल पाण्यात पडलंय तुझं."