कॉर्नेटखाली गेलेलं नाव

बाईंचं नाव रेकॉर्डवर ऐकू येत नाही, याला कारण मी. ते सवयीनं झालं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास आमचे बँडमास्तर पलटणीतून सांगलीला परतले. तिकडे गोऱ्या सोल्जरांच्या नाचाला ते जॅझ वाजवत. इथं त्यांनी लग्नाच्या बँडांतली माणसं फोडून एक मोठा बँड उभा केला आणि गायला आटपाडीच्या एका बाईंना आणलं. बाई मेंढपाळाच्या घरच्या. मास्तरांच्या परदेशी ठेक्यावर त्या मराठी शब्द बसवत, आणि टाळ्या त्यांनाच पडत. मी कॉर्नेट, म्हणजे तोंडानं फुंकायचा छोटा पितळी कर्णा, वाजवायचो. माझा एकट्यानं वाजवायचा तुकडा मास्तरांनी काढून टाकला, कारण तिथं बाई तान घेत.

ग्रामोफोन कंपनीची माणसं चार गाणी भरून घ्यायला आली. नाटकाच्या थिएटरात भिंतींना घोंगड्या टांगल्या. माईक एकच. बाई त्याच्याजवळ, ढोलवाला पार दारात. गाणं मेणाच्या तबकडीवर एका दमात कोरलं जाई. चुकलं की तबकडी वाया.

बाईंची एकच अट होती. जुन्या रेकॉर्डांवर गाणाऱ्या बाया करत तसं, गाणं संपलं की आपलं नाव बोलायचं.

कंपनीचा साहेब हसला. "आता नाव रेकॉर्डवर छापून येतं, बाई."

"आईला वाचता येत न्हाई," बाई म्हणाल्या. "बँडात मी गाती हे तिला खोटं वाटतंय. तिला कानानं ऐकू दे."

साहेबानं शेवटच्या गाण्यापुरतं कबूल केलं.

ते गाणं फार चांगलं झालं. बँड थांबला. बाईंनी नाव उच्चारलं, आणि त्याच क्षणी मी कॉर्नेटवर, वरात दारात पोचल्यावर देतात तशी लांबलचक ललकारी दिली. साहेबाला ती आवडली. त्याच्याकडची तबकडी शेवटची होती, म्हणून आवडून घेतली असावी.

"आरं, हे काय केलंस?" मास्तर म्हणाले.

"सवय, मास्तर. लग्नं वाजवून वाजवून."

"मग अक्षताबी टाकायच्या हुत्यास की!"

रेकॉर्ड आटपाडीच्या हॉटेलात वाजली. बाई आईला ऐकवायला तिथं घेऊन गेल्या होत्या. तिथं काय झालं ते पुढं बाईंनीच मला सांगितलं. आई म्हणाली, "ही तू न्हवं. तुझा गळा असा न्हाई."

"थांब की गं, शेवटाला नाव हाय."

शेवटी माझं कॉर्नेट आलं. मागून कुणीतरी ओरडला, "उतरला गड्या नवरदेव घोड्यावरनं!" सगळं हॉटेल हसलं. आई उठून घरी गेली.

हे सांगताना बाई रागावल्या नाहीत. "सवयीला कोण काय करणार?" म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढं बँड मोडला. तरी खरं सांगायचा मला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी एकदा आटपाडीला गेलो. बाई अंगणात बाजरी पाखडत होत्या, त्यांची आई बाजेवर बसली होती. मी आधी आईपुढं उभा राहिलो.

"मावशी, त्या रेकॉर्डवर गाणारी तुमचीच लेक. शेवटी तिनं नाव सांगितलं होतं. मी तिथं होतो."

"तू रं कोण?"

"कॉर्नेट वाजवणारा."

"व्हय," म्हातारी म्हणाली, "ते लय ऐकू आलं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. मी त्यांच्याकडं वळलो. "बाई, ती सवय नव्हती. तुमचं नाव ऐकू येऊ नये म्हणूनच मी वाजवलं. माझं चुकलं. मला माफ करा."