अण्णांचा पेट्रोल कॉक

मलकापूरला सर्जेरावाच्या गॅरेजवर दर रविवारी आम्हा जुन्या मोटरसायकलवाल्यांचा अड्डा जमतो. गाडी एखादीच सुरू होते, तोंडं मात्र सगळ्यांची! त्यामुळं किश्श्यांना तोटा नाही. त्यातले निम्मे सुभेदार अण्णांच्या पेट्रोल कॉकचे. पूर्वी सांगताना पोट धरून हसायचो. आता मात्र सांगताना तेवढं हसू येत नाही.

*

अण्णा पलटणीतनं रिटायर झालेले. गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. टाकीखालचा पितळी कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, कायम गळायचा. गाडी दारात आली की घरभर वास, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, भीतीनं गॅसच पेटवायच्या नाहीत.

अण्णा ओरडायचे, "आगं, च्या टाक की!"

"आदी ती गाडी लांब लावा, मग च्या मागा!"

शेवटी अण्णा चहाला गॅरेजवर यायचे.

*

सर्जेराव एकदा म्हणाला, "आण्णा, नवा कॉक बसवू. पाव तासाचं काम हाय."

"जुनं झालं म्हणून टाकायचं व्हय रं? मग बायको बी बदलू का?"

काकू मागंच उभ्या! म्हणाल्या, "बदला की! दुसरी कोण टिकतीया तुमच्यापशी, बगूच!"

अख्खं गॅरेज हसलं. कॉक मात्र तोच राहिला.

*

तासगावचे तात्या म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, बेदाण्याचे व्यापारी. तरुणपणी तात्या आणि अण्णांनी याच गाडीवर गावोगावची कुस्त्यांची मैदानं पालथी घातलेली. आता तात्या अंथरुणाला खिळलेले, नजरही गेलेली. त्यांचा फोन आला, "दाजी, एकदा गाडी घिऊन या. दिसत न्हाई, पर आवाज तरी कानावर पडू द्या."

"येतो की! कॉक तेवढा हुंदे."

पुढच्या फोनला हेच उत्तर. त्याच्या पुढच्यालाही.

काकू म्हणायच्या, "आवं, एसटीनं जाऊन या की!"

"त्यानं गाडी मागितलीया. मोकळा कसा जाऊ?"

*

कॉकच्या आत बुचाचा तुकडा असतो. अण्णांचा पार झिजला होता. त्यांनी नातवाचं बॅडमिंटनचं शटल कापून नवं बूच बसवलं. नातवानं भोकाड पसरलं, पण कॉकमधनं एक थेंब गळेना! आम्ही भडंगाच्या पुड्या फोडल्या.

पण अण्णांची फौजी टापटीप नडली. तात्यांकडं गाडी चकाचक न्यायची म्हणून त्यांनी टाकी रिकामी केली आणि कॉक पुसून आठवडाभर उन्हात ठेवला. बूच वलं असलं तरच फुगून बसतं. ते वाळून आकसलं. रविवारी निघाले आणि कडेगावच्या अलीकडंच पेट्रोलची धार लागली. दुकानातनं अंगाचा साबण घेतला, तो गळतीवर चोळत चोळत कसेबसे माघारी आले.

काकू म्हणाल्या, "गाडीची आंगूळ झाली. आता तुमी करा!"

हसलो. पण त्या दिवशी तात्यांनी सकाळीच आपली खाट दारापाशी सरकवून घेतली होती, हे मागनं कळलं. लय वाईट वाटलं.

*

तात्या गेल्याचा फोन आला. अण्णा मातीला एसटीनं गेले. परत आले ते सरळ गॅरेजवर.

"सर्जा, बसव नवा."

खरंच पाव तास लागला.

"एवढंच व्हतं व्हय रं?" अण्णा म्हणाले.

*

तेरावं झालं, पाहुणे पांगले, मग अण्णांनी गाडी काढली. मी मागं बसलो. तासगावात तात्यांच्या दारात पोचलो तर बाहेर कुणीच नव्हतं. अण्णांना गाडी बंद करवेना. दोन्ही पाय टेकून तसेच बसून राहिले, गाडी डुगडुगत होती.

आतनं, चुलीपासनं, तात्यांच्या बायकोचा आवाज आला, "आवं, उठा, उठा! दाजी आलं!"