हर्षिताचा पडदा आणि खंडेनवमी

आमच्या हर्षिताला कुणी "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मी तिची काकू, मला ते आवडतं. आमच्या घराण्याला बंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, आणि घरातल्या बायकांनी ती सगळी अ‍ॅडजस्ट करण्यात घालवली.

हर्षिता बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. वय एकतीस. लग्नाचं विचारलं तर "बघू" म्हणते आणि विषय तिथेच मिटवते. कामावरून आली की जेवते, आपल्या खोलीत जाते, टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग धरते आणि कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती लावते. देशभरातले लोक आपापल्या घरून त्यात उतरतात. त्यांचे संघ असतात, मोसम असतात. तिच्या संघात बाई ती एकटीच.

श्रावणात तिने अल्ट्रावाइड मॉनिटर आणला. हेब्बाळचं कुठलंसं ऑफिस बंद होत होतं, तिथून. टेबल संपलं तरी पडदा संपेना! पण जुनं ग्राफिक्स कार्ड त्याच्यापुढे धापा टाकू लागलं. ऐन वळणावर चित्र अडखळायचं आणि गाडी भिंतीवर जायची. "काकू, साध्या पडद्याच्या जवळजवळ अडीचपट ठिपके आहेत याच्यात, आणि एकूणएक ठिपका कार्डालाच रंगवायचा असतो," असं तिने मला समजावलं. मला तेवढं पुरलं.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. तिचा भाऊ अभिराज म्हणाला, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोड आणि मधल्या भागात खेळ, जुनं कार्ड धावेल. एस. पी. रोडवरच्या दुकानदाराचं मतही फार वेगळं नव्हतं. तिला सोळा जीबी मेमरीचं कार्ड हवं होतं, तो आठचं पुढे करत होता. मी सोबतच होते.

"अक्का, हेच घ्या, पडदा थोडा कमी वापरा. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि."

"अण्णा, तुम्ही आरसे झाकून गाडी चालवता का?" हर्षिता म्हणाली. "या पडद्यावर मला बाजूने घुसणारी गाडी दिसते. तीच झाकायची तर पडदा घेतला कशाला?"

"सरी अक्का, बरं तर," म्हणत त्याने वरच्या फळीवरून तिला हवं ते कार्ड काढलं. ते इतकं लांब की कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, आणि विजेची भूकही मोठी. मग कॅबिनेट नवं आलं, पॉवर सप्लायही नवा आला.

घरी माझे यजमान अप्पासाहेब वाटच बघत होते. यांनी जन्मभर सिटी बस चालवली. निवृत्त झाले, पण आवाज अजून बसस्टँडवरचाच आहे. माझे दीर, म्हणजे हर्षिताचे वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द यांचा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," हे म्हणाले.

"अंथरूण मोठंच आणलंय काका. आता पाय आखडून का झोपू?"

पण हे तेवढ्यावर थांबणारे नव्हते.

खंडेनवमीला आमच्याकडे देवापुढे पाट मांडून आयुधं पुजतात. पूर्वजांची तलवार, विळी, नट आवळायचे पाने, हातोडी, अलीकडे अभिराजचा लॅपटॉप. पुजलेलं आयुध दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. हर्षिता दरवर्षी विचारायची, माझाही कॉम्प्युटर ठेवू का? हे म्हणायचे, "ते खेळणं आहे, आयुध नव्हे." यंदा तिची अंतिम शर्यत नेमकी खंडेनवमीच्या संध्याकाळी आली. आली नाहीस तर संघातली जागा गेली, असं तिला बजावलेलं होतं, आणि तिने ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी ती आंघोळीला गेली असताना यांनी तिचा कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलून आणला आणि तलवारीशेजारी मांडला. झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मान देऊन अडवायची ही तऱ्हा मी चांगली ओळखते. मखरात बसवलेल्या बाईला उठता येत नाही. हर्षिता बाहेर आली, बघून थबकली. मग तिनेही सगळ्यांबरोबर आरती केली, नमस्कार केला, प्रसाद खाल्ला.

शर्यतीची वेळ जवळ आली तशी ती पाटापाशी गेली आणि खाली वाकली.

"हलवायचं नाही!" हे गरजले. घरात पूजेला आलेले नातेवाईक होते.

"काका, खंडेनवमीला डेपोत तुमच्या बसची पूजा व्हायची ना?" हर्षिताचा आवाज जराही चढला नव्हता. "केळीचे खुंट बांधायचे, चाकाखाली लिंबं ठेवायची. मग बस डेपोतच ठेवायचात का?"

खुंट बांधलेली ती बस मी इथल्या शिवाजीनगरला भरभरून येताना कितीदा पाहिली होती.

"ती ड्यूटी होती," हे शेवटी म्हणाले. "लोक स्टँडवर वाट बघत असायचे."

"माझीही बघताहेत," ती म्हणाली आणि हारासकट कॉम्प्युटर उचलून खोलीकडे निघाली.

तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी उठले, यांच्या देखत पुढे झाले आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.